एकाच राणीचा राजा

ॲन आर्बरच्या आसपास कुणा आंबेडकरी घरात लग्न ठरलं की हॉल आणि केटररच्याही आधी हेमचंद्र रामटेके यांना फोन जातो. हेमचंद्रकाका आठवडाभर युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळांमधले मायक्रोस्कोप दुरुस्त करतात आणि शनिवारी लग्नं लावतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळावर चढवलेला चष्मा आणि तोच चष्मा शोधत हॉलभर फिरणं, हे सगळं ठरलेलं. मानधनाचं नाव काढलं तर ते असे काही बघतात की विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही. कायद्याचं लग्न सरकारी कागदावर होतंच. पण मुलामुलींना विचाराल तर काकांनी गोष्ट सांगितल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही म्हणतात.

तर काकांचं कौतुक करायला अर्धं मिशिगन बसलेलं आहे. आपण जरा त्यांच्या बायकोकडे बघू.

पद्मिनीकाकू उंचीने बेताच्या आणि बोलण्यात त्याहून बेताच्या. हॉस्पिटलात नर्स म्हणून त्यांनी हयात घालवली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. लग्नात मात्र त्यांचं काम मोठं असायचं. समोर बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या लागलेल्या, त्रिशरण-पंचशील झालेलं. मग नवऱ्यामुलाची प्रतिज्ञा काका सांगायचे आणि नवरीची काकू. आवाज खणखणीत, माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. अमेरिकेत जन्मलेली एखादी नवरी मराठी शब्दांत अडकली की काकू तिच्या पाठीवर हात ठेवून वाक्याचे छोटे छोटे तुकडे करून द्यायच्या. मुलीला वाटायचं, आपणच न अडखळता म्हटलं.

प्रतिज्ञा झाल्या, हार घातले, की काका घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "मंडळी, चीनमध्ये एक राजा होऊन गेला." लोक खुर्च्यांत सरसावून बसायचे. नेमक्या त्याच वेळी काकू पुटपुटायच्या, "बघते जरा, कढी फुटली की काय," आणि पदर खोचून हॉलच्या किचनकडे चालू लागायच्या. एका लग्नात नाही, दर लग्नात. आता कढी काय दर शनिवारी फुटते? पण हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बाईला कोण कशाला अडवतंय!

गोष्ट मात्र ऐकण्यासारखी होती यात शंका नाही. पाचेकशे वर्षांपूर्वी चीनमध्ये मिंग घराण्याचा होंगझी नावाचा बादशहा होता. काका त्याला राजाच म्हणायचे. त्याच्या बापाच्या राणीवशात बायकाच बायका, आणि त्यांचा एकमेकींवर इतका जळफळाट की एका मानकरीण राणीच्या भीतीने या पोराला लहानपणी कुठल्याशा कोपऱ्यात लपवून वाढवावं लागलं, असं सांगतात. सूर्यप्रकाश बेताचा, आई कायम धास्तावलेली, आणि ती बिचारीही लवकर गेली. पोरगा मोठा झाला, गादीवर बसला. आणि ज्या गादीवर बसणारे बायकांचा हिशेब ठेवत नसत, तिथे बसून त्याने एकाच बाईशी संसार केला. झांग तिचं नाव. दोघं सामान्य घरातल्या नवराबायकोसारखी एकत्र उठायची, एकत्र जेवायची, गप्पा मारायची. एकदा राणीचं तोंड आलं, तर राजाने स्वतः औषध आणलं, चूळ भरायला पाणी धरलं. आणि मग घाईघाईने बाहेर निघून गेला. नोकरांना कळेना, महाराज रागावले की काय? तर म्हणे त्याला खोकला येत होता आणि तिची झोपमोड होईल म्हणून तो दाबून पळाला होता.

इथे हॉलमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे वळून बघायच्या. नवरे छताकडे बघायचे.

मग काका आवाज खाली आणायचे. लग्नाला वर्षं झाली, राणीला मूल नाही. दरबारी कुजबुजू लागले. राज्याला वारस हवा, महाराज, आणखी राण्या करा. राजा नाही म्हणाला. पुन्हा विनवण्या झाल्या, तो पुन्हा नाही म्हणाला. आणि मग काकांचा आवाज चढायचा, दोन्ही हात वर जायचे: "आणि लग्नानंतर चार वर्षांनी त्याच राणीला मुलगा झाला! निष्ठेचं फळ मिळालं, मंडळी!" टाळ्यांचा नुसता कडकडाट व्हायचा. किचनमध्ये उभ्या असलेल्या काकूंना टाळ्या ऐकू आल्या की कळायचं, आता जेवणाची पंगत बसणार. त्या ट्रेवरचे फॉइल काढायला घ्यायच्या.

आता, ही गोष्ट या घरात आली कशी ते ऐका, म्हणजे कढी का फुटायची तेही कळेल.

रामटेके दांपत्य नागपूरहून इथे आलं तेव्हा एका तैवानी बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतं. लिन आजी म्हणत त्यांना. आजी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, गोष्टींचा गाडा भरलेला. होंगझी राजा त्यांनीच जिन्यात बसून काकांना सांगितला, तोही अर्धाच. कारण खाली त्यांचा भात करपायला लागला होता. त्या दिवसांत पद्मिनीकाकू डॉक्टरांचे उंबरे झिजवत होत्या. तपासण्या झाल्या, औषधं झाली, दोनदा आशा लागून दोनदा गेली, आणि शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नागपूरला सासूबाईंना कळायचं ते कळलंच. त्या बाई वाईट नव्हत्या. एकुलत्या एका मुलाच्या घरात पाळणा हलत नाही, या काळजीने पोखरल्या होत्या. एका रविवारी फोनवर त्यांनी बोलायचं ते बोलून टाकलं. फोनचा स्पीकर चालू होता आणि ओट्यापाशी काकू पोळ्या लाटत होत्या.

"काहून रे, एवढी शिकली-सवरली पोरगी आहे, समजून घेईल. सोडचिठ्ठी द्या एकमेकांना. तू दुसरं कर. तिचं बी भलं होऊ दे."

काकूंचं लाटणं थांबलं. मागे वळून बघायची हिंमत होईना. मागून काकांचा आवाज आला, "आई, चीनमध्ये एक राजा होता." आणि त्यांनी आईला सगळी गोष्ट सांगितली, औषध, पाणी आणि खोकल्यासकट. शेवटी म्हणाले, "त्याच्यापाशी एवढं मोठं राज्य होतं, त्याला वारस लागतच होता. तरी त्याने दुसरी केली नाही. मी तर मायक्रोस्कोप दुरुस्त करतो, मला कसला वारस? गोष्ट संपली, आई. आता तुझ्या गुडघ्याचं सांग."

तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती. काकूंना तिचा वाससुद्धा आला नाही. त्या घटकेला त्यांना जे वाटलं त्याला सुख म्हणतात, सरळ शब्दांत सांगायचं तर. इतकं भरून येणं त्यांना ना त्याआधी ठाऊक होतं ना त्यानंतर. सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि गोष्ट तिथेच संपली.

पण काकाच ते! पुढे एका लग्नात चार शब्द बोला असा आग्रह झाला, तेव्हा त्यांना राजा आठवला. अभ्यासू माणूस, लायब्ररीत जाऊन पुस्तकं काढली आणि लिन आजींच्या करपलेल्या भातापायी राहून गेलेला अर्धा भाग शोधून काढला. राजाला मुलगा झाला होता! काका पोरासारखे हरखले. त्या लग्नात काकू पहिल्या रांगेत होत्या. नवऱ्याने 'निष्ठेचं फळ मिळालं' म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनीही वाजवायला घेतल्या आणि मध्येच थांबवल्या. राजाला फळ मिळालं. मग आपल्याला काय मिळालं? आपली निष्ठा कुठे कमी पडली? त्यांच्या घरातली, त्यांच्या जळलेल्या पोळीची गोष्ट बघता बघता परक्याची झाली. पुढच्या लग्नापासून कढी फुटायला लागली.

तोंडाने त्या कधी बोलल्या नाहीत. कशा बोलणार? मिशिगनच्या थंडीत काकांना खोकल्याची ढास लागते, आणि काकू रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या असल्या की हा माणूस अंगात कोटसुद्धा न घालता गॅरेजमध्ये जाऊन खोकतो. त्याला वाटतं, हिला पत्ता नाही. गॅरेजच्या दाराची बिजागरी करकरते, त्याने काकूंना दर वेळी जाग येते, आणि त्या डोळे मिटून पडून राहतात. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुमची लाडकी गोष्ट मला टोचते?

ते सांगायची वेळ आणली हर्षिताने.

हर्षिता ही पुण्याहून संशोधनासाठी आलेली मुलगी. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून हात मोडून घेतला, आणि काकू तिला घरी घेऊन आल्या ते ती त्यांचीच होऊन गेली. आता तिचं शिकागोच्या रवीशी लग्न ठरलं होतं. एका दुपारी ती किचनमध्ये कोथिंबीर निवडत बसली होती. निवडून झाली तरी निवडतच होती.

"काकू, एक रिक्वेस्ट आहे. काका ती राजाची गोष्ट सांगणार ना? शेवटचा पार्ट स्किप करायला सांगाल?"

"का गं?"

"मला बाळ होणार नाही, काकू. आधीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी क्लिअर सांगितलंय. रवीला सगळं माहितीये, ही इज ओके. पण त्याच्या आत्या, मावश्या, सगळ्या येणारेत. सगळे टाळ्या वाजवतील आणि मी तिथे नवरी बनून हसत उभं राहायचं. आय कान्ट. आणि प्लीज, काकांना कारण नका सांगू. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपत नाही, अख्ख्या हॉलला कळेल."

हे मात्र सोळा आणे खरं होतं. काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भिजला तरी तो चेहऱ्यावर दिसतो. काकूंनी मुलीला जवळ घेतलं. "मी बघते," म्हणाल्या. स्वतःसाठी जे एवढ्या वर्षांत जमलं नाही, ते या पोरीसाठी जमवायचं त्यांनी ठरवून टाकलं.

संधी मिळाली ती शिकागोच्या वाटेवर. लग्नाची पांढरी साडी आणि पेढे आणायला दोघं डेव्हन ॲव्हेन्यूला निघाले होते. काका ड्राइव्ह करता करता गोष्टीची रंगीत तालीम करत होते, हात वर करायच्या जागी फक्त एक हात वर करून.

"अहो, स्टिअरिंग धरा. आणि ऐका. त्या मुलाशिवाय नाही का सांगता येणार गोष्ट?"

"कुठल्या मुलाशिवाय?"

"राजाच्या."

काकांना हसू आलं. "युवराज काढला तर राहिलं काय? लोकांना शेवट लागतो, पद्मिनी. आणि हिस्टरी आहे ती, मी कशी एडिट करू?"

"हिस्टरीच सांगायची तर पुढचीही सांगा. त्या युवराजाने मोठेपणी काय दिवे लावले तेही सांगा."

"लग्नात?" काका खो खो हसले, हसता हसता त्यांना ढास लागली, आणि डेव्हनवर पोचल्यावर पार्किंग शोधण्यात उरलेला विषय वाहून गेला. काकूंनी खिडकीबाहेर साड्यांच्या दुकानांच्या पाट्या वाचल्या. राग त्यांना नवऱ्याचा आला नाही, स्वतःच्या जिभेचा आला. पेशंटला सुई टोचताना न कापणारी बाई, आणि घरच्या माणसापुढे एक वाक्य पुरं करता येऊ नये!

लग्नाचा शनिवार उजाडला. पार्कमधला हॉल भरून गेला होता. रवीच्या आत्या-मावश्या पुढच्या रांगेत ऐसपैस बसल्या होत्या. हर्षिता डेव्हनच्या पांढऱ्या साडीत फार गोड दिसत होती, आणि प्रतिज्ञा म्हणताना एकदाही अडखळली नाही. हार घातले गेले. काकांनी घसा साफ केला. "मंडळी, चीनमध्ये एक राजा होऊन गेला."

हर्षिताने काकूंकडे पाहिलं. काकूंनी सवयीने पदर खोचला, एक पाऊल किचनच्या दिशेने टाकलं, आणि थांबल्या. खोचलेला पदर त्यांनी पुन्हा सोडला आणि नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

राजा लपून वाढला, गादीवर बसला, राणीला औषध दिलं, खोकला दाबून पळाला. बायकांनी नवऱ्यांकडे बघून घेतलं. दरबारी आले, विनवू लागले. राजा नाही म्हणाला. काकांचे हात वर जायला निघाले, "आणि लग्नानंतर..." एवढ्यात त्यांची नजर बाजूला गेली. बायको तिथेच उभी. इतक्या लग्नांत या वाक्याला ती जागेवर असल्याचं त्यांना आठवेना.

"अगं, कढी?" ते माइकमध्येच म्हणाले. हॉल हसला.

"कढीला काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "कधीच काही झालं नव्हतं." आणि त्यांनी माइक काढून घेतला.

"राजाचं सगळे सांगतात. राणीचं मी सांगते. दरबारी बोलत होते ना, तेव्हा राणी आतच होती. सगळं तिच्या कानावर पडत होतं. तिच्या हातातलं काम थांबलं होतं आणि मागे वळून बघायची तिला हिंमत नव्हती. तेवढ्यात तिने ऐकलं, राजा नाही म्हणाला. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं. मूल होईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. हिशेब न करता तो नाही म्हणाला. राणीला जे मिळायचं ते सगळं तिथेच मिळालं. त्याहून जास्त कुणाला काही मिळत नसतं." त्यांनी एकदा हर्षिताकडे पाहिलं. "गोष्ट संपली."

टाळ्या कुठे वाजवायच्या तेच हॉलमध्ये कुणाला कळेना. पुढच्या रांगेतल्या एक मावशी, ज्यांनी ही गोष्ट आधी दोन लग्नांत ऐकली होती, त्या म्हणाल्या, "अहो काका, युवराज राहिला ना!"

सगळे काकांकडे बघू लागले. काका मात्र बायकोकडे बघत होते. 'गोष्ट संपली' हे दोन शब्द त्यांनी फार पूर्वी कुठेतरी ऐकले होते. ऐकले कुठले, स्वतःच उच्चारले होते. चेहऱ्यावर काही न लपणारा तो माणूस, सगळ्यांदेखत त्याचे डोळे भरले. चष्मा पुसायला त्यांनी खिसा चाचपला. तो कपाळावर होता.

"कसला युवराज, मावशी?" त्यांनी माइकशिवायच सांगितलं. "काकूंनी सांगितलं ना, गोष्ट तिथेच संपते. मीच उगाच लांबवत होतो. चला, जेवायला चला."

हर्षिताने रवीचा हात घट्ट धरला होता आणि ती मनापासून हसत होती. तिच्या मुठीतून हात सोडवून घेत टाळी पहिली वाजवली ती रवीने.

पंगत बसायच्या आत काकू किचनमध्ये पोचल्या. पाठोपाठ काका आले. लग्न लावणारा माणूस आजवर कधी किचनमध्ये आला नव्हता, त्यामुळे केटररची मंडळी गोंधळून बाहेर सरकली. वडाभाताच्या वाफेत दोघंच उरले.

"त्या दिवशी पोळी जळली होती," काका म्हणाले. "मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं."

"तुम्ही तीच खाल्लीत. काळी ठिक्कर."

काका ओट्याला टेकले. "इतकी वर्षं तुला हे सलत होतं, आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस? का?"

काकूंनी कढीचं झाकण उघडलं, डाव फिरवला. कढी मऊसूत होती.

"तुम्ही कडाक्याच्या थंडीत गॅरेजमध्ये जाऊन खोकता," त्या म्हणाल्या, "ते मला कधी सांगितलंत?"